मोशीच्या पेटीचा पंचनामा

१२ डिसेंबर १९५५, सोमवार. तळेगाव दाभाडे.

स्वातंत्र्य मिळून आठ वर्षं झाली आणि आज मला साहेब मिळाला. हेडमास्तरांनी सकाळीच बोलावून सांगितलं, "लक्ष्मणराव, विलायतेहून एक शास्त्रज्ञ आलेत. स्टेशनपलीकडच्या बंगल्यात उतरलेत. तीन महिने त्यांना मदतनीस हवाय. इंग्रजी येणारा आणि सायकल येणारा." आमच्या शाळेत इंग्रजी येणारे चार शिक्षक आहेत आणि सायकल येणारे सहा. दोन्ही येणारा मी एकटाच. त्यामुळे माझी निवड निव्वळ गुणवत्तेवर झाली, असं धरून चालायला हरकत नाही.

साहेबांचं नाव ऑनरेबल हेन्री फेनविक-थॉर्न. आम्हाला एक आडनाव सांभाळता सांभाळता नाकी नऊ येतात, यांना दोन आहेत. 'ऑनरेबल' ही पदवी मिळवावी लागत नाही. लॉर्डच्या घरी जन्म घेतला की झालं. मी बी.एस्सी. व्हायला चार वर्षं कोल्हापुरात खानावळीची आमटी प्यायलो, आणि तीही सेकंड क्लास. पदवी आणि आमटी दोन्ही. साहेबांचं वय एकतीस, माझ्याहून दोनच वर्षांनी मोठे. कोटाच्या कोपरांना चामड्याची ठिगळं. सौ.ला सांगितलं तर म्हणाली, "अहो, गरीब दिसतोय बिचारा." लॉर्डचा मुलगा आहे म्हटलं, तर म्हणाली, "मग बायको नसेल."

नाहीच आहे.

साहेबांना मोठमोठे फुगे आकाशात सोडायचे आहेत. फुग्याखाली एक पेटी, पेटीत फोटोच्या काचा. आकाशातून अदृश्य कण येतात, ते काचेवरच्या मसाल्यातून जाताना बारीक रेघ ओढून जातात. मग काचा धुवायच्या आणि रेघा सूक्ष्मदर्शकाखाली मोजायच्या. यासाठी माणूस सहा हजार मैल आला. इथे म्हणे पृथ्वीचं चुंबकत्व असं आहे की फक्त दणकट कणच खाली पोचतात, दुबळे वरच्यावर परत जातात. आमच्या शाळाखात्यात याच्या बरोबर उलट चालतं.

माझा मतलब इथेच लिहून ठेवतो, ही वही दुसरं कुणी वाचत नाही. साहेबांच्या विद्यापीठात दरवर्षी एक जागा बाहेरच्या माणसासाठी असते. साहेबांनी दोन ओळी लिहिल्या तर ती मला मिळू शकते. नाहीतर आहेच, सातवी 'ब', प्रयोग पहिला, मेणबत्तीचं ज्वलन, निवृत्त होईपर्यंत.

१८ डिसेंबर

पेटीवर चिकटवायची मराठी सूचना लिहून दिली. साहेब म्हणाले, "साधं लिहा. कुणाही शेतकऱ्याला कळेल असं." साहेबांना मराठीची प्रतिष्ठा काय माहीत! मी लिहिलं: 'सदरहू पेटिकेतील काचपट्टिका प्रकाशसंवेदी असल्याने प्राप्तकर्त्याने पेटिका अनुद्घाटित स्थितीत व तमोमय स्थळी सुरक्षित ठेवून निम्नलिखित पत्त्यावर सूचित करावे.' दोन वेळा मोठ्याने वाचलं. कान तृप्त झाले.

सौ. म्हणाली, "म्हणजे उघडू नका, अंधारात ठेवा, असंच ना?"

बायकांना सारांशाची घाई असते.

२७ डिसेंबर

पहिला फुगा स्टेशनमागच्या माळावरून सुटला, तीनशे फुटांवर गेला आणि फाटला. पेटी करवंदीच्या जाळीत पडली. बघायला जमलेल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं प्रयोग एवढाच. साहेबांनी टोपी काढून त्यांना अभिवादन केलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. काचांचे तुकडे वेचताना साहेब शांतपणे म्हणाले, "आता दोनच फुगे उरले. विद्यापीठ चौथा देणार नाही."

३ जानेवारी १९५६

आज गावचे जुने सरदार हिंदुरावसाहेब बंगल्यावर आले. यांची इनामं सरकारने काढून घेतली तेव्हापासून हे सत्कार करतात. दोन तास साहेबांच्या व्हरांड्यात दोघे सरदार समोरासमोर बसले आणि मी मध्ये दुभाषी. साहेबांच्या वडिलांच्या वाड्याला साठ खोल्या आहेत, त्यांपैकी दोनच गरम होतात. हिंदुरावांच्या वाड्याला बावीस, त्यांपैकी तीनच गळत नाहीत. साहेबांकडे कर भरण्यासाठी आजोबांची चित्रं विकली. हिंदुरावांकडे आजोबांची तलवार आहे, पण गिऱ्हाईक नाही. निघताना दोघांनी असे हात मिळवले की जणू पानिपतावरून दोघे एकदमच परत आले.

ठरलं असं की फेब्रुवारीत साहेबांना मानपत्र द्यायचं. मजकूर मी लिहायचा. 'बालपण, कुलवृत्तांत, विद्याभ्यास, उमेदवारीचा काळ आणि दिग्विजय' या क्रमाने. 'राजवंशीय' हा शब्द तीनदा आला पाहिजे, ही हिंदुरावांची अट.

९ जानेवारी

मानपत्रासाठी साहेबांना त्यांचं चरित्र विचारलं. संध्याकाळभर सांगत होते, मी टिपणं घेतली. त्यातलं वापरण्याजोगं फारच थोडं निघालं.

बालपण: आईवडील दिवसातून एकदा, संध्याकाळी सहाला, पंधरा मिनिटं भेटत. कुत्र्यांना जास्त वेळ मिळे. (हे लिहिता येणार नाही. 'वात्सल्याच्या छायेत' असं लिहीन.) सातव्या वर्षी शाळेत रवानगी, तिथे रोज सकाळी थंड पाण्याची आंघोळ आणि वेताची छडी. (थंड पाणी घेतो. तपश्चर्येत बसेल.) थोरला भाऊ लॉर्ड होणार, मधला पलटणीत जाणार, धाकट्याने धर्मोपदेशक व्हायचं, असा घरचा रिवाज. यांनी पदार्थविज्ञान घेतलं. वडील म्हणाले, "म्हणजे नळ दुरुस्त करणार?" त्यानंतर घरचा नळ बिघडला की यांनाच बोलावत. लढाईत विमानं शोधण्याच्या यंत्रावर काम केलं. मग स्वित्झर्लंडात डोंगरमाथ्यावरच्या झोपडीत दोन हिवाळे काचा ठेवून बसले.

आणि इथे एक विलक्षण गोष्ट निघाली. सव्विसाव्या वर्षी साहेबांना काचेवर एक अशी रेघ दिसली की जी कुठल्याच माहीत असलेल्या कणाची नव्हती. नवा कण! मासिकात छापून आलं, व्याख्यानं झाली. वडिलांनी जेवताना पहिल्यांदा विचारलं, "तू नक्की काय करतोस रे?" सहा महिन्यांनी साहेबांच्या एकट्याच्या लक्षात आलं की काच वाळताना मसाला आकसला होता, त्यामुळे रेघ वाकली होती. कण वगैरे काही नव्हतं. दुसऱ्या कुणालाही कळलं नव्हतं, कळण्याची शक्यताही नव्हती. साहेबांनी काय करावं? त्याच मासिकाला पत्र लिहून 'माझं चुकलं' असं छापून आणलं. नाव गेलं, पुढची नोकरी गेली. वडिलांनी परत कधी काही विचारलं नाही.

"मग हा प्रयोग?" मी विचारलं.

"हा साधला तर लोक पुन्हा माझं ऐकतील," साहेब म्हणाले. "नाही साधला तर नळ आहेतच."

माणूस हुशार असेल, शहाणा नाही. मानपत्रातून हा भाग गाळला.

२६ जानेवारी

मुंबईत गोळीबार आणि बंद, त्यामुळे गॅसच्या टाक्या पंधरा दिवस अडकल्या होत्या. परवा आल्या. आज दुसरा फुगा सोडला. सुरेख चढला. इतका सुरेख की दिसेनासा झाला आणि अजूनही दिसलेला नाही. साहेब जीपने चाकणच्या पलीकडपर्यंत जाऊन आले. कांद्याच्या बाजारात सगळ्यांनी त्यांना गिऱ्हाईक समजून आपापल्या वखारी उघडून दाखवल्या.

एकच उरला.

२ फेब्रुवारी, गुरुवार

तिसरा फुगा सकाळी सात दहाला सोडला. साहेबांनी नाश्ता केला नाही. मीही केला नाही, मात्र माझं कारण वेगळं होतं. फुगा सोडण्याआधी साहेब मला म्हणाले होते, "लक्ष्मणराव, या काचा नीट हाती आल्या तर तुमच्यासाठी मी जरूर लिहीन. तुम्ही मेहनत केली आहे." साहेब मला 'राव' म्हणाले! हेडमास्तर सोडले तर एवढा मान सौ.सुद्धा देत नाही.

फुगा पूर्वेकडे इंद्रायणीच्या अंगाने गेला. दुर्बिणीतून चार तास दिसत होता.

५ फेब्रुवारी, रविवार

पेटी सापडली! सकाळी मोशीहून निरोप आला. साहेब भल्या पहाटेच खेडच्या बाजूला शोधायला गेले होते, म्हणून मी एकटाच सायकल मारत मोशीला गेलो. आजचा दिवस सविस्तर लिहितो, कारण आज मी जो नीटनेटकेपणा दाखवला तो विद्यापीठालाही पसंत पडेल.

पेटी कोंडाजी नावाच्या शेतकऱ्याच्या हरभऱ्यात उतरली. पेटी सावकाश उतरावी म्हणून तिला वरून छत्री असते, तिचं पांढरं कापड कोंडाजीच्या बायकोने, अंबुबाईने, धुऊन घडी घालून ठेवलं होतं. कुणी सांगितलं होतं धुवायला? पेटी दिसेना. विचारलं तर कोंडाजी म्हणाला, "हाय की. कणगीत ठिवलीय, ज्वारीच्या आत. कागुद गुरुजींकडनं वाचून घेतला. निम्म्या शबुदांचा अर्थ त्यांनाबी लागंना. पर येवडं कळलं, सायबाला अंधार पायजे. आमच्या घरात कणगीइतका अंधार दुसरीकडं न्हाई."

माझी सूचना न कळताच पाळली गेली, याला योगायोग म्हणतात.

कणगीतून पेटी काढली तर एका बाजूचा चामडी पट्टा गायब. मला लगेच शंका आली. पट्टा गेला तर आतलं काय काय गेलं असेल? मी चोवीस काचांच्या नोंदीखाली सही केली आहे. उद्या साहेबांनी उघडल्यावर बावीस निघाल्या तर जबाबदार कोण? पोलीस पाटील सोपानराव तिथेच होते. ते म्हणाले, "सापडल्याली चीज हाय, पंचनामा करावाच लागंल. 'बंद पेटी, एक नग' असं लिवतो आन् देतो तुमच्या ताब्यात."

मी म्हटलं, असं चालणार नाही. पंचनामा म्हणजे पंचनामा. आतल्या नगांची मोजदाद झाली पाहिजे.

"मास्तर, पर तो कागुद म्हनतोय उघडू नका," सोपानराव म्हणाले.

मी हसलो. तो कागद लिहिणाऱ्यालाच कागदाचा अर्थ सांगत होते! मी त्यांना समजावलं की माझ्या चुलतभावाचा कराडला फोटो स्टुडिओ आहे, लाल उजेडात फोटोचं काही बिघडत नाही. कोंडाजीच्या मधल्या खोलीची दारं-खिडक्या बंद केल्या, फटींना पोती लावली, कंदिलाला अंबुबाईचं लाल लुगडं चौपदरी गुंडाळलं. मग मी पेटी उघडली, काळा कागद सोडवला आणि काचा मोजल्या. बरोबर चोवीस.

आणि मग आमच्या लोकांचा नेहमीचा घोळ. पाच पंच ओळीने उभे, सही करायला तयार नाहीत. एक म्हातारा म्हणाला, "डोळ्यानं बगितल्याबिगर अंगठा कसा देऊ? आजवर दिला न्हाई." लाल उजेडात त्यांना नुसता अंधार दिसत होता. मी पुष्कळ सांगितलं. शेवटी दार बोटभर उघडलं. एकेकाने पुढे येऊन पाहिलं, प्रत्येकाला फार तर दोन-तीन सेकंद. काचांवर तर मी अंगही आडवं धरलं होतं. एवढ्याने काही होत नाही.

सोपानरावांनी पंचनामा लिहिला. 'लक्ष्मणराव मास्तर यांनी आमच्या समक्ष पेटी उघडली. आत काळ्या कागदात काचा नग चोवीस. दार किलकिले करून आम्ही डोळ्यांनी पाहिल्या. अखंड आहेत.' खाली माझी सही, दोन सह्या, तीन अंगठे.

पट्टा कोंडाजीने शेवटी आणून दिला. "सुटला व्हता, हरवंल म्हनून खुंटीला अडकवला." आधी सांगायला काय झालं होतं?

६ फेब्रुवारी

पेटी साहेबांच्या हाती दिली. शिक्का फुटलेला पाहून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी घाईने म्हटलं, "पंचनाम्यासाठी." त्यांना तो शब्द कळला नाही. पुण्याहून बर्फाच्या लाद्या आल्या आहेत. काचा थंडीत सावकाश धुवाव्या लागतात. साहेब न्हाणीघरात शिरलेत ते अजून बाहेर नाहीत.

७ फेब्रुवारी

चोवीसच्या चोवीस काचा काळ्या.

काळ्या म्हणजे तव्याच्या बुडासारख्या. साहेब ओले हात तसेच ठेवून व्हरांड्याच्या पायरीवर बसले होते. म्हणाले, "उजेड लागला आहे. भरपूर उजेड." मग म्हणाले, "सात वर्षं या काचांमागे."  त्यांनी विचारलं, "पेटी उघडली गेली होती?"

मी म्हटलं, "पेटी उघडण्यात आली होती."

"कुणाकडून? विद्यापीठ विचारेल, कुणाकडून."

मी म्हटलं, "खेड्यातली माणसं..."

एवढंच म्हटलं. पुढचं साहेबांनी स्वतःच धरलं. यात खोटं काय आहे? मोशी खेडंच आहे आणि मी माणूसच आहे.

घरी जेवण गेलं नाही. सौ.ने विचारलं तर पित्त म्हणून सांगितलं. तिने आमसुलाचं सार करून दिलं आणि विचारलं, "पित्त कशाचं?"

८ फेब्रुवारी

साहेबांनी माझ्याजवळच्या पंचनाम्याच्या नकलेचं इंग्रजी भाषांतर मागितलं, अहवालाला जोडायला. अर्ध्या तासात करून दिलं. सुबक उतरलं. 'लक्ष्मणराव मास्तर यांनी' या जागी 'पेटी सापडलेल्या कोंडाजी या शेतकऱ्याने' असं आलं आणि खालची माझी सही गळली. बाकी ओळ न ओळ मुळाबरहुकूम.

कोंडाजीचं काय जाणार आहे? त्याला विलायतेत कोण ओळखतं? त्याला नोकरी नको, शिफारस नको, त्याचा हरभरा शाबूत आहे. माझं मात्र सगळं जाईल. मी याचा सगळ्या बाजूंनी विचार केला आहे.

साहेब भाषांतर वाचून म्हणाले, "बिचारा. त्याने चांगल्या बुद्धीनेच केलं असणार. त्याला हे सांगू नका हं, त्याच्या मनाला लागेल."

सरदारी मन! याचा मला एवढा फायदा होईल असं वाटलं नव्हतं.

१२ फेब्रुवारी, रविवार

मानपत्र झालं. 'विज्ञानमार्तंड' चारदा, 'राजवंशीय' तीनदा. हिंदुरावांनी पगडी बांधली साहेबांना, ती कानांवर आली. साहेबांनी उत्तरादाखल सांगितलं की प्रयोग फसला आहे. मी भाषांतर केलं, "प्रयोग अपेक्षेहून निराळा झाला आहे." टाळ्या.

हे सोपं होतं. अवघड सकाळी झालं. साहेबांना जाण्यापूर्वी कोंडाजीला भेटायचं होतं, म्हणून जीपने मोशीला गेलो. अंबुबाईने भाकरी, पिठलं, हिरव्या मिरचीचा ठेचा केला होता. लॉर्डच्या मुलाने मांडी घालून तीन भाकऱ्या खाल्ल्या आणि ठेच्याने डोळ्यांतून पाणी काढलं. मग कोंडाजीचा हात हातात घेऊन म्हणाले, "त्यांना सांगा, मला त्यांचा मुळीच राग आलेला नाही."

मी कोंडाजीला सांगितलं, "साहेब तुझे आभार मानतात."

कोंडाजीचा चेहरा उजळला. म्हणाला, "आवं, आमी काय केलं? समदं मास्तरांनीच केलं. लई जपून. अंधार काय केला, लुगडं काय गुंडाळलं, एकएक काच हातानं काडून मोजली. सायबाला सांगा, असा मानूस सोडू नका म्हनावं."

साहेबांनी विचारलं, "काय म्हणताहेत?"

मी म्हटलं, "त्यांना फार वाईट वाटतंय."

साहेबांनी कोंडाजीच्या खांद्यावर हात ठेवला. कोंडाजी माझ्याकडे पाहून हसला, आपण आपल्या माणसासाठी चांगला शब्द टाकला या समाधानाने. तिथून उठून मी बैलांच्या गोठ्यामागे गेलो आणि ओकलो. ठेचा फार तिखट होता.

२० फेब्रुवारी

साहेब गेले. स्टेशनवर त्यांनी पाकीट दिलं. आत शिफारसपत्र. 'मेहनती, टापटिपीचे, नोंदी ठेवण्यात काटेकोर.' एकही शब्द खोटा नाही. मी चारदा वाचलं. एवढा आनंद व्हायला हवा होता, म्हणून पाचव्यांदा वाचलं.

४ जून

शाळा सुरू व्हायच्या आत आलं! विद्यापीठाने जागा दिली. सप्टेंबरात बोट. हेडमास्तरांनी अभिनंदन केलं आणि सातवी 'ब' कुणाला द्यायची या चिंतेत पडले. सौ.ने देवापुढे साखर ठेवली. गरम कपड्यांची यादी केली. मग यादीची घडी घातली. म्हणाली, "दोन वर्षं."

त्याच टपालात साहेबांनी आपला छापील अहवाल पाठवला आहे. आठ पानी. साहेब आता एका मुलांच्या शाळेत शिकवतात. विद्यापीठाने त्यांना पुन्हा घेतलं नाही. मी जिथून निघालो तिथे ते पोचले. याचं हसू यायला पाहिजे होतं. सहाव्या पानावर लिहिलं आहे: 'मोशी येथील कोंडाजी नावाच्या शेतकऱ्याने पेटी उघडल्यामुळे सर्व काचा निकामी झाल्या. त्याला दोष देता येत नाही. त्याला कुणी नीट समजावले नव्हते.'

हिंदुरावांनी माझ्या टेबलावर अहवाल पाहिला, चाळला आणि त्यांना इंग्रजीतलं एकच नाव ओळखता आलं. संध्याकाळपर्यंत गावभर झालं की मोशीच्या कोंडाजीचं नाव विलायतेच्या पुस्तकात छापून आलं.

८ जून

कोंडाजी बाजाराच्या निमित्ताने आला. पेढे घेऊन. तळेगावच्याच दुकानातले, कागदात बांधलेले. म्हणाला, "मास्तर, आमच्या सात पिढ्यांत कुनाचं नाव सातबाऱ्याबिगर कुटं छापलं न्हाई. ऐतवारी मोशीला या. चावडीवर समद्यांना वाचून दावा. पाटलांनी सांगावा धाडलाय. पंचबी येत्यात, त्यांनी बगितल्यालं हाय सगळं."

पेढा खावा लागला. सौ. दारात उभी होती. तो गेल्यावर तिने विचारलं, "काय छापलंय हो त्याच्याबद्दल?"

"चांगलंच," मी म्हटलं.

"मग तुम्ही पांढरे का पडलात?"

१० जून, रविवार

मी एक मराठी मजकूर तयार करून खिशात ठेवला होता. 'मोशी येथील कोंडाजी यांनी पेटी जिवापलीकडे जपली, त्यांचे आभार.' तेवढं वाचायचं आणि परत यायचं. कुणाला इंग्रजी येत नाही. सप्टेंबरात मी नसेन.

चावडीवर सतरंजी टाकली होती. पाचही पंच पुढे बसले होते. कोंडाजीने नवा फेटा बांधला होता आणि तो मधे, पाहुण्याच्या जागी बसला होता. बायका मागे, त्यांत अंबुबाई. सोपानराव पाटील म्हणाले, "वाचा मास्तर. सावकाश वाचा. ज्येचं नाव हाय त्येला नीट ऐकू द्या."

मी खिशात हात घातला आणि कागद काढलाच नाही. का, ते मला नीट सांगता येणार नाही. कोंडाजी मान पुढे काढून ऐकायला बसला होता. त्याच्यासमोर पुन्हा एकदा खोटं बोलायची मला लाज वाटली, एवढंच. मी पुस्तक उघडलं आणि जे छापलं होतं ते, तसंच्या तसं, मराठीत वाचलं. साध्या मराठीत. पेटी कोंडाजीने उघडली. त्यामुळे काचा निकामी झाल्या. साहेबांचं सगळं काम वाया गेलं.

 मग अंगठा द्यायला अडून बसलेला तो म्हातारा म्हणाला, "पर कोंडाजीनं कुटं उघडली? आमी हुतो की तितं."

पाटील माझ्याकडे बघत राहिले. "मास्तर, सायबाला हे सांगितलं कुनी? माज्या दप्तरात पंचनामा हाय. आनू का?"

 कोंडाजी खाली सतरंजीकडे पाहत होता. त्याने फेटा सारखा केला. काचा वाया गेल्या, हे त्याला आज पहिल्यांदा कळत होतं. आणि त्या दिवशी साहेबांनी खांद्यावर हात का ठेवला, तेही. त्याला सगळं समजलं, हे मला त्याच्या मानेवरून दिसत होतं.

"ऱ्हाऊ द्या पाटील," तो म्हणाला. "मास्तरांना विलायतंला जायाचंय. मला कुटं जायाचंय?"

त्याने हे टोमणा म्हणून म्हटलं असतं तर मला उत्तर सुचलं असतं. आयुष्यभर मी दुसरं केलं काय? पण तो माझी बाजू मांडत होता. अंबुबाईने सगळ्यांबरोबर मलाही चहा दिला, आणि मी तो खाली मान घालून प्यायलो.

घरी आल्यावर सौ.ला सगळं सांगितलं.  कपड्यांची यादी तिने टेबलावरून उचलली आणि त्या जागी दौत आणून ठेवली. मी साहेबांना पत्र लिहायला बसलो. आधी मराठीत लिहिलं, म्हणजे चुकायला नको: 'पेटी मी उघडली.' तीन शब्द. फेब्रुवारीत सबंध पंचनाम्याचं भाषांतर मी अर्ध्या तासात केलं होतं. या तीन शब्दांचं इंग्रजी करायला आज सगळी संध्याकाळ गेली.